बार्शीचा चढ आणि अण्णांचं हेड

त्या उन्हाळ्यात आमच्या बोळातल्या पाच घरांत मिळून एकच धड आरसा उरला होता, आणि तोही भिंतीवर नव्हता. तो शेजारच्या सिद्रामअण्णांच्या ओसरीवर, पाटावर उताणा पडलेला असे. मला दाढी करायची तर वाटी-साबण घेऊन मी तिथं जायचो आणि विहिरीत डोकावल्यासारखा ओणवा होऊन गाल खरवडायचो. बाकीचे चार आरसे अण्णांच्या मोटारीच्या हेडाखाली तडकले होते.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. चांगलं दोन माणसांनी उचलावं असं. त्याचा तळ अगदी सपाट लागतो, नाहीतर इंजिनाचा जोर फटीतून निसटून जातो. "जगात आरशाएवढी सपाट वस्तू न्हाय, मास्तर," असं अण्णा म्हणत आणि वहिनींच्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवून आरशाला फासत. त्यावर हेड ठेवायचं, जरासं सरकवायचं, उचलायचं. जिथं कुंकू लागलं तो उंचवटा. तो घासायचा, पुसायचा, पुन्हा कुंकू. अवघा तळ एकसारखा लाल होईपर्यंत हे चालायचं. वहिनी देवाला हळदीवर भागवू लागल्या होत्या.

अण्णांचं चादरींचं दुकान होतं. दुपारी एक ते चार सोलापूर पाणी मारलेल्या फरशीवर आडवं होतं, तेव्हा हा पन्नाशीचा गृहस्थ बनियन आणि धोतर खोचून हेडाशी झटत असायचा. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि हेडाशी दोन्ही. मोटार म्हणजे एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली काळी विलायती गाडी, माझ्याहून वयानं मोठी.

अण्णांचा एक सिद्धांत होता. "इंजिनला खायाला कमी पडत न्हाय, श्वास कमी पडतो." म्हणून हवा आत यायच्या वाटा ते कानशीनं रुंद करत, मग बोट घालून आत कुठं खरखर लागते का बघत. हा सिद्धांत त्यांनी जगाला लावला होता. माझ्या वर्गातलं पोरगं गणितात नापास झालं, "श्वास मोकळा न्हाय त्याचा." वहिनींची भाकरी फुगली नाही, तरी तेच. माझ्या लग्नाच्या फोटोकडे बघूनही ते हेच म्हणाले होते, आणि माझी बायको त्यांच्याशी आठ दिवस बोलली नव्हती.

त्यांच्या ओसरीवर रिकाम्या हातानं बसायची सोय नव्हती. "बर्री, कुंद्री," म्हणजे या, बसा, म्हणून प्रेमानं पाट सरकवायचे आणि आपण बसलो की हातात दांडी द्यायचे. दांडीच्या टोकाला व्हॉल्व्ह, म्हणजे हेडातलं लोखंडी दार. खाली रवाळ मलम लावायचं आणि ताक घुसळल्यागत दोन्ही तळव्यांत दांडी फिरवायची, दार चौकटीत घट्ट बसेपर्यंत. "बसलातच न्हवं? मग मारा दोनशे फेरे." अशी आठ दारं. पोस्टमननं दोन बसवली. पूजा सांगायला आलेले स्वामी दक्षिणेआधी एक बसवून गेले. मी तीन बसवली आणि महिनाभर माझ्या खडूला मलमाचा वास येत होता.

हे सगळं कशासाठी, ते आख्ख्या बोळाला पाठ होतं. बार्शीचा चढ.

अण्णांची थोरली बहीण बार्शीत दिलेली. आईवडील गेलेले, म्हणजे अक्काचं माहेर ते अण्णाच. पाच वर्षांपूर्वी अण्णा पंचमीला अक्काला आणायला मोठ्या थाटात ही मोटार घेऊन गेले. येताना बार्शी सोडून चार मैलांवरच्या चढाला मोटारीनं धूर टाकला आणि जागीच बसली. बहीणभाऊ दिवसभर लिंबाखाली बसून राहिले. शेवटी एका शेतकऱ्यानं बैल जुंपले आणि मोटार, अक्का आणि अण्णा अशी वरात उलटी बार्शीला गेली. दाजी दारातच उभे होते. म्हणाले, "मेव्हणं, पुढच्या पंचमीला नुसते बैलच घेऊन या. मधलं लोखंड कशाला?"

अण्णांनी तिथंच शपथ घेतली, की नेईन तर ह्याच गाडीतनं, तोवर ह्या दारात पाय ठेवणार न्हाय. आणि अक्काच्या सासरी रीत अशी, की भाऊ न्यायला आल्याशिवाय बाई माहेरी निघायची नाही. एस्टी रोज बार्शीला जात होती. पण एस्टीनं जायचं म्हणजे दाजी जिंकले. तेव्हा पाच पंचम्या अक्काचं माहेर एका हेडापायी अडून बसलं होतं. मी एकदा म्हणालो, "अण्णा, हा शुद्ध हट्ट आहे." ते म्हणाले, "हौदु," म्हणजे हो, आणि माझ्या हातात दांडी दिली.

एका वर्षी त्यांनी हेड इतकं घासलं, की इंजिन सोनारासारखं ठोके मारायला लागलं. भंगारवाल्या चाचांनी दुसरं शोधून दिलं आणि वर सांगितलं, "अन्ना, इसे घिसना कम, समझना जास्ती." त्या दुसऱ्या हेडाची आता परीक्षा होती.

परीक्षा अशी. दारं बसवलेलं हेड उलटं ठेवायचं, चारी खळग्यांत रॉकेल ओतायचं आणि खाली कागद पसरायचा. थेंब झिरपला की नापास. भर दुपारी बोळ झोप सोडून ओसरीवर जमला. वहिनी जपमाळ घेऊन बसल्या. अर्ध्या तासानं कागदावर टप्पकन थेंब पडला आणि अण्णांचा चेहरा पांढरा झाला. मी वाकून वास घेतला. तो पोस्टमनच्या नाकावरचा घाम होता. त्याला चार हात लांब बसवलं. चार वाजले, कागद कोरडा. अण्णांनी हेडाला हात जोडले आणि आम्ही टाळ्या पिटल्या. पाच वर्षांत माझ्या शाळेचा कुठलाच निकाल मला इतका गोड लागला नव्हता.

पंचमीच्या आदल्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "तुम्ही चला. दाजी म्हणणार, ढकलत आणली. तुम्ही मास्तर, खोटं बोलत न्हाय. साक्षीला पायजे."

काय धावली ती गाडी! जाताना चढाचा उतारच होता, तरी अण्णा खिडकीबाहेर कान काढून ऐकत होते आणि दर मैलाला "श्वास ऐका की, श्वास," म्हणत माझ्या मांडीवर थाप मारत होते. बार्शीत दाजी दारातच होते. मोटारीमागं डोकावून म्हणाले, "बैल कुटं हायत?"

"ह्या खेपेला आत बसवलेत," अण्णा म्हणाले.

दाजी हसले आणि बाजूला झाले. उंबऱ्यात अक्का उभी होती, पिकल्या केसांची, ठेंगणी. हातात भरलेली पिशवी. तिची सून मला हळूच म्हणाली, "दरसाली भरत्यात, आणि सांच्याला रिकामी करत्यात."

परतीला चढ आला. अण्णांनी गिअरसुद्धा बदलला नाही. लिंबाचं झाड आलं, गेलं. माथ्यावर पोचलो तेव्हा ते घामानं निथळले होते आणि लहान मुलासारखे हसत होते. "अक्का, चढ गेला. कळलंबी न्हाय न्हवं?"

"न्हाय कळलं," मागून अक्का म्हणाली. ती मान वळवून मागं बघत होती. "ते लिंबाचं झाड गेलं का रे?"

"गेलं की."

मग ती म्हणाली, "त्या टायमाला किती बोललो रे आपण. आईचं, अप्पांचं. घरात चार माणसांत कुटं बोलणं हुतंय? म्या आज दशम्या बांधून आणल्या. म्हटलं, तुजी गाडी हाय, थांबंल कुटंतरी."

मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. इंजिन एकसारखं, सुरेख चाललं होतं. पाच वर्षं, चार आरसे, दोन हेडं. अण्णांचा हात खाली गेला आणि त्यांनी किल्ली फिरवली. मोटार गप झाली आणि घरंगळत एका बाभळीच्या सावलीत थांबली.

"बंद पडली बघ, अक्का," ते म्हणाले.

"पडणारच," अक्का खुशीत म्हणाली. तोवर तिनं फडकं सोडायला घेतलंही होतं.

अण्णा उतरले आणि बॉनेट उघडून त्याच्याआड उभे राहिले. तिथं करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ते बराच वेळ वाकून होते आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते. अक्का बाभळीखाली बसली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, खरंच बंद पडली का वो?"

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करतो.

"पार बंद पडली, अक्का," मी म्हणालो. "दोन तास तरी हलत नाही."