सुखदेवभाऊंचं रिव्हर्स पेडल

आमचे शेजारी सुखदेवभाऊ गिटार पायांनी वाजवतात. खरंच सांगतो. उजव्या हातानं तारा छेडतात, डावा हात चहाच्या कपाला मोकळा, आणि सूर बदलायचा झाला की खाली पाय दाबतात.

पिंपळगाव राजा या आमच्या गावात त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. जन्मभर पाने फिरवून बोटं अशी जाड झाली की एक तार दाबायला गेले तर तीन दबतात. दुसरा कोणी गिटार विकून मोकळा झाला असता. भाऊंनी खामगावहून सायकलच्या ब्रेकच्या केबली आणल्या, शिलाई मशीनच्या जुन्या स्टँडवर तीन पेडलं बसवली आणि केबली तारांना जोडल्या. पेडल दाबलं की ठरलेल्या तारा ताणल्या जातात आणि सुरांचा अख्खा गठ्ठा, म्हणजे कॉर्ड, बदलतो. पहिल्या महिन्यात इतक्या तारा तुटल्या की मी त्यांच्याशी लांबूनच बोलत असे.

पेडलांना ते गेअर म्हणतात. "पयल्यावर उचलाचं, कडव्याले दुसरा टाकाचा. सोपं हाय मास्तर, घाबरता काऊन?"

"आणि हे तिसरं?"

"थे रिव्हर्स. सगळ्याच तारा ढिल्या करते."

"त्याचा उपयोग काय?"

"लागते कधीमधी," म्हणत ते चहा मागवत.

आमच्या विहाराच्या गायन मंडळात मी पेटी वाजवतो, आणि पेटीवाल्याला असतो तेवढा ताठा मलाही आहे. भाऊ गिटारवर साथीला असतात आणि त्यांच्या पत्नी शांतावहिनी मंडळाच्या मुख्य गायिका. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज तिसऱ्या कडव्याला हळूच खाली उतरू लागला. त्यांना ते कळत नसे. त्यांना आता कोरसमध्ये बसवावं, असं मीच सुचवलं.

भाऊ म्हणाले, "बुद्धपौर्णिमेले गाऊ द्या तिले. गाणं सुटलं तं तिच्यापाशी काय उरन?"

मंडळानं ती एक संधी दिली. सूर गेला तर पुढं कोरस.

कार्यक्रमात दोन कडवी छान झाली. तिसऱ्याला वहिनींचा आवाज उतरला आणि पेटी एकटीच वर राहिली. मी भाऊंकडे पाहिलं. ते वहिनींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा पाय अलगद तिसऱ्या पेडलावर गेला. कुंईऽऽ करत सगळ्या तारा खाली आल्या आणि वहिनींच्या सुराला येऊन मिळाल्या. मी भाता सोडून दिला. समोरची माणसं गिटारकडे बोट दाखवून खो-खो हसत होती. भाऊंनी कान पकडले. "माफी करा, केबल सरकली!" वहिनी न थांबता शेवटपर्यंत गायल्या.

खाली उतरताच त्या फणफणल्या, "तुमच्या या डब्ब्यानं माह्या गाण्याचा सत्यानास केला!"

"हाव. उद्या टाईट करतो."

मंडळानं सगळा दोष केबलीवर टाकला. वहिनींची जागा कायम राहिली.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. केबल पक्की होती. भाऊ तिसऱ्या पेडलाला तेल घालत होते.

"कालच्यावानी कुंई नाई झालं पाह्यजे," ते हळूच म्हणाले. "मास्तर, तिले सांगू नोका. अन् तुमच्या पेटीचं काई करता येते का, पाहा."

पेटीचे सूर ठरलेले असतात, त्यांचं काही करता येत नाही. मला फार लाज वाटली होती, एवढं खरं. हल्ली तिसरं कडवं आलं की मी हात थांबवून चष्मा पुसत बसतो.

वहिनी सगळ्यांना सांगतात, "मास्तरचं आजकाल गाण्यात ध्यानच नाई."