शिंपिणीला शुक्रवारपर्यंत मारायचं होतं

ख्रिस्ती कादंबरी कशी लिहावी हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने इकडेतिकडे न भटकता सरळ माझ्याकडे यावं! पोटापाण्यासाठी मी विमा कंपनीत खुर्ची झिजवतो हे खरं, पण खरा मी कादंबरीकार. दोन कादंबऱ्या छापून आल्यात आणि तिसरी हातावेगळी होण्याच्या बेतात होती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये हो, माझ्या लेखणीची केवढी वाट पाहतात हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगतच नाही, त्याला मी काय करू?

आमच्या प्रकाशनाच्या संपादिकाबाई भारी कडक. कादंबरीचे त्यांचे नियम ठरलेले. लग्नाआधी नायक-नायिकेने एकमेकांचा हात फार तर पूल ओलांडताना धरायचा, तोही पूल डुगडुगता असेल तरच. पापी माणूस असा हवा, की वाचकाला वाटावं, आपले मेहुणे यापेक्षा बरे! आणि मुख्य म्हणजे शेवट जवळ आला की एक भलं माणूस मेलंच पाहिजे. ते मेल्याशिवाय पापी माणसाला पश्चात्ताप होत नाही आणि पश्चात्ताप झाल्याशिवाय बाई पुस्तक छापत नाहीत!

तर या वेळी मरायची पाळी होती शिंपिणीची.

काय बाई होती! दुसऱ्यांचे कपडे शिवता शिवता स्वतः फाटक्या पदराने फिरणारी. नवरा होडीवाला, देवाला सोडून बाटलीला लागलेला. पदरात दोन कच्चीबच्ची. मी तिला क्षयाचा खोकला दिला, अंथरुणाला खिळवली, सगळी जय्यत तयारी केली. पण ऐन वेळी माझाच हात चालेना! ती खोकायची आणि मी पेन ठेवून तिच्यासाठी पाणी आणायला उठायचो. बाईंनी निरोप धाडला, "शुक्रवारपर्यंत शेवट हवा. नाहीतर तुमच्या जागी दुसऱ्याचं पुस्तक घेते." आता आली का पंचाईत! ऑफिसात रजा टाकली, तरी शिंपीण आपली जिवंतच.

बुधवारी प्रार्थनासभेला गेलो. गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि नेहमीप्रमाणे पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाची काही प्रार्थनेची विनंती?"

मी ताडकन उभा राहिलो. "माझ्या शिंपिणीसाठी प्रार्थना करा! अंथरुणाला खिळलीय बिचारी. दोन लहान लेकरं आहेत, नवऱ्याचा पाय घरात ठरत नाही. शुक्रवारपर्यंत तिला जावंच लागणार. माझ्याच्याने बघवत नाही हो!"

एवढं बोलून मी रुमालात नाक शिंकरलं. गायनमंडळाच्या ताई डोळ्यांना पदर लावून मुसमुसायला लागल्या. डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या मंडळीतल्याच ज्येष्ठ डॉक्टरांनी, चष्मा काढून पुसला. सुतारकाका तर गुडघ्यांवरच बसले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पुस्तक अजून छापून यायचंय आणि वाचक आत्ताच रडतायत!

मी कादंबरी लिहितोय हे कोणाला ठाऊकच नसेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. कसं येणार? पहिल्या दोन्ही कादंबऱ्या मी घरोघरी हिंडून, सही करून, हातात ठेवल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात गायनमंडळाच्या ताई उभ्या. हातात भांडंभर सूप आणि काखेत लहान मुलांच्या कपड्यांचं गाठोडं.

"खाते का ती काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"कालपासून मी तिला पाण्याच्या घोटावर ठेवलंय," मी म्हणालो.

ताईंनी काखेतलं गाठोडं छातीशी धरलं. "आणि मुलं?"

"त्यांना मी शेजारणीकडे पाठवून दिलं. सारखी मधेमधे येतात. नीट मरू देत नाहीत तिला."

ताईंनी भांडं माझ्या हातात दिलं आणि गाठोड्यासकट तडक जिना उतरल्या. मला वाटलं, गहिवरल्या! लेखकाच्या प्रकृतीची काळजी करणारे वाचक मिळायला भाग्य लागतं. सूप फक्कड होतं. सगळं मीच प्यायलो.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांचा फोन.

"विमावाले, कशी आहे शिंपीण?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "कालच्यापेक्षा वाईट. आत्ताच चहा घेता घेता तिचा ताप वाढवला."

"वाढवला? तुम्ही?"

"मग दुसरं कोण वाढवणार? बेताबेताने वाढवतोय. एकदम वाढवला तर लोकांना संशय येतो."

"औषध काय देताय?"

"कमाल करता डॉक्टर! औषध दिलं तर बरी नाही का होणार ती?"

"ठेवलंय कुठे तिला?"

"माझ्या खोलीत. दार लावून बसतो. बायकोलासुद्धा आत येऊ देत नाही."

"वहिनींना माहीत आहे सगळं?"

"आहे की! ती म्हणते, एकदाची उरका तिला, घरात दुसरा विषयच नाही."

आता डॉक्टरांचा आवाज अगदी बारीक झाला. "विमा... विमा उतरवलाय का हो तिचा?"

मी खो खो हसलो. "विमा कसला! पण आज मेली तरच माझं काम होणार. जगली तर मला कुत्रंही विचारणार नाही!"

"मी येतो बघायला."

"छे छे! अर्धवट अवस्थेत मी कोणाला दाखवत नाही. पुरी होऊ द्या, मग सगळ्यांनाच बोलावतो."

फोन खाड्कन बंद! मी म्हटलं, लाइन गेली असेल.

आणि मग काय झालं कोण जाणे, दुपारी लेखणी अशी सुटली की विचारू नका. शिंपिणीने होडीवाल्याचा हात हातात घेतला, त्याच्या सदऱ्याला तुटलेलं बटण लावून दिलं, दोरा दातांनी तोडला आणि मान टाकली. मी टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो. त्याच अवतारात दार उघडलं, तर समोर सुतारकाका!

"पाळकसाहेबांनी पाठवलं. काही मदत..."

"गेली हो, गेली!" मी त्यांच्या गळ्यातच पडलो.

काकांनी टोपी काढली. मग खिशातून मोजायचा टेप काढला. "पेटीचं मी बघतो. तुम्ही काळजी करू नका. उंची किती असेल?"

काय हा रसिक माणूस! एवढ्या बारकाईने मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "पाच फुटांच्या आतबाहेर. अंगाने काडी."

"आणि जागा कुठली ठरवलीय?"

"टेकडीवर. तिथून खाडी दिसते."

"पण तिथे परवानगी मिळेल का?"

"परवानगी कोणाची लागते काका? माझी माणसं मी वाटेल तिथे पुरतो. याआधीचे सहा जण पुरले, तेव्हा कोणाला विचारलं होतं का?"

काकांच्या हातातला टेप सर्रकन गुंडाळला गेला. "स... सहा?"

"दोघं तर एकाच विहिरीत! पण ते पहिलं पुस्तक... अहो काका! काका, चहा तरी!"

काका जिन्यावरून असे उतरले, की मधल्या पायऱ्यांना त्यांचा पाय लागल्याचं मला तरी दिसलं नाही.

मी पेन पुसून ठेवतोय न ठेवतोय तोच जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. पाळकसाहेब, डॉक्टर, गायनमंडळाच्या ताई आणि सर्वांच्या मागे, दोघांच्या मधून डोकावणारे सुतारकाका!

"कुठे आहे ती?" डॉक्टर गरजले.

"आत. टेबलावर."

ताईंनी किंकाळी फोडली. डॉक्टर मला बाजूला सारून आत घुसले. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, पडदा ओढला तर तो दांडीसकट त्यांच्या अंगावर आला! त्या पडद्यातूनच ते ओरडले, "इथे कोणीच नाही! कुठे लपवलंत प्रेत?"

"लपवलंय कुठे? हे काय समोर!" मी कागदांचा गठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला. "वरचंच पान. आत्ताच गेली."

तेवढ्यात बायको कामावरून आली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर माणसांच्या नजरा तपासून ती दमलेली असते. तिने एकदा पडद्यातल्या डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की कळतं.

"अहो, शिंपीण कादंबरीतली आहे," ती म्हणाली. "हे कादंबऱ्या लिहितात!"

"कादंबऱ्या?" डॉक्टर म्हणाले. "हे? कधीपासून?"

मला वाटलं, पायाखालची फरशी सरकतेय. "डॉक्टर, दोन दिल्यात तुम्हाला! सही करून!"

"त्या होय? मला वाटलं विम्याची माहितीपत्रकं. दवाखान्यात कपाटाचा एक पाय आखूड आहे, तिथे फार उपयोगी पडली."

ताई चाचरत म्हणाल्या, "मी तर भाऊ, जपून ठेवल्यात. प्लास्टिकसुद्धा काढलं नाही."

पाळकसाहेबांनी खाली पाहिलं. पाळक खोटं बोलू शकत नाहीत, म्हणून ते काहीच बोलले नाहीत.

खरं सांगतो, मला रडू आलं. मघाशी शिंपिणीसाठी रडलो होतो, आता माझ्यासाठी. एवढी वर्षं मी कोणासाठी लिहीत होतो? कपाटाच्या पायासाठी?

मला वाटलं, आता हसतील आणि आपापल्या घरी जातील. पण ताई पुढे झाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद! "मी बुधवारपासून उपास करतेय तिच्यासाठी! आणि तुम्ही खुशाल मारून टाकलीत?"

"ताई, ती खरी नाहीये!"

"माझा उपास खरा आहे ना?"

"मीही गुडघे सोलून घेतलेत," सुतारकाका मागून म्हणाले. खून झालेला नाही असं कळल्यावर त्यांना वाचा फुटली होती.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "भाऊ, अख्ख्या मंडळीने एकमताने प्रार्थना केलीय, की या बहिणीला बरं कर. ती मेली, तर आमच्या प्रार्थनेचं काय झालं म्हणायचं? देवाने ऐकलं नाही?"

"अहो, यात देवाचा काय संबंध? मारली मी!"

"तेच म्हणतोय मी! देव बरी करायला निघाला होता. आडवे तुम्ही आलात!"

मी निमूटपणे संपादिकाबाईंना फोन लावला. "बाई, शिंपीण मरत नाही म्हणतेय."

"मग नवऱ्याला पश्चात्ताप कसा होणार?" बाई कडाडल्या.

पाळकसाहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आनंदाने होईल! माणूस आनंदाने देवाकडे वळत नाही का?"

"वळतो हो. पण त्याचं पुस्तक खपत नाही!"

ताईंनी फोन पाळकसाहेबांकडून ओढला. "आमची सगळी मंडळी घेईल! घरटी एक!"

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. "जगू द्या," बाई म्हणाल्या.

मग जे सुरू झालं, ते कोणा लेखकाच्या वैऱ्यावरही येऊ नये! शिंपिणीचा ताबा मंडळीने घेतला. डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं, की हा क्षय नाहीच, साधा न्यूमोनिया आहे, आणि कोणत्या गाढवाने तिला खिडकीपाशी झोपवली? मी म्हटलं, त्या गाढवानेच. ताईंनी तिला सूप पाजलं. सुतारकाकांनी होडीवाल्याला स्वतःच्या हाताखाली कामाला ठेवून त्याची बाटली सोडवली. रंधा मारताना हात थरथरून चालत नाही म्हणे! मी नुसता लिहून घेत होतो. पण एक कबूल करतो. शिंपीण उठून बसली, तिने मशीनवर पाय ठेवला, तेव्हा आम्ही सगळे एकदम उभे राहिलो. कागदावरच्या बाईसाठी उपाशी राहणारी माणसं मला मिळाली होती. मला फार फार बरं वाटलं.

पुस्तक आलं, त्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या दारात टेबल मांडलं. मी नवा कोट घालून, पेन उघडून बसलो. आणि रांग लागली! अहो, माझ्या पुस्तकासाठी रांग! डॉक्टर आले, ताई आल्या, मागच्या बाकावर झोपणारे आजोबासुद्धा आले. प्रत्येकाने पुस्तक घेतलं, तिथल्या तिथे शेवटचं पान उघडलं, ओठ हलवत वाचलं, म्हटलं, "आहे हो, जिवंत आहे! प्रभूची स्तुती असो!" आणि पुस्तक मिटून काखेत मारलं.

"डॉक्टर," मी न राहवून विचारलं, "आधीचं सगळं?"

"आधीचं कशाला? माझीच पेशंट आहे. मला केस ठाऊक आहे!"

पटांगण हळूहळू रिकामं झालं. टेबल आवरताना माझं लक्ष गेलं. झाडाखालच्या बाकावर सुतारकाका एकटेच बसले होते. पुस्तक उघडं, नाकावर चष्मा, आणि काका चक्क वाचत होते! सगळे गेले तरी वाचत होते! माझे पाय जमिनीला लागेनात. मी अलगद त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"काका, कुठपर्यंत आलात?"

"शेवटून दुसऱ्या पानावर," काका म्हणाले. "मी मागून सुरू केलंय. पुढून वाचलं तर आधी ती आजारी पडणार, उगाच जिवाला घोर!"

"पण काका, मागून वाचत गेलात, तर ती बरी असते आणि मग आजारी पडते!"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि पुस्तक हळूच मिटलं.

"बरं झालं वेळेवर सांगितलंत," ते म्हणाले. "मग इथेच थांबतो."

असो. दोन पानं तर दोन पानं! मला वाचक मिळाला.