एक चिठ्ठी राहून गेली

कॉमिकमधली नायिका रडायला लागली की आमची शेवंतामावशी उठून भाताचं भांडं उघडते. भूक लागते म्हणून नव्हे. चार शितं काढते, बोटाने रगडते आणि त्या रडणाऱ्या नायिकेचं तोंड बंद करते.

मावशी गोंदियाजवळच्या कामठ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटी राहते. जन्म बिड्या वळण्यात गेला. गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून आणलेली जुनी हिंदी प्रेमकथांची कॉमिक्स तिच्याकडे पेटीभर आहेत. गुलाबी गालांची नायिका, मोठ्या कॉलरचा नायक आणि दर दुसऱ्या पानावर ‘तुम्हारे बिना मैं कुछ नहीं’. या वाक्याचा मावशीला भयंकर राग. बिडीच्या कट्ट्यांवर, म्हणजे बंडलांवर लावायची, खराब झालेली लेबलं तिने साठवून ठेवली आहेत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती स्वतःचं वाक्य लिहिते आणि नायिकेच्या संवादाच्या फुग्यावर शितांनी डकवते. मग नायक सूटकेस उचलून ‘अलविदा’ म्हणाला की नायिका म्हणते, “जाऊन राहिला त जा. दार लावून घेजो.” चित्रातल्या आसवांना मात्र इलाज नाही. ती गालांवर तशीच.

“मावशी, कायले पुस्तकं खराब करते?” असं कोणी विचारलं की उत्तर तयार. “खराबच होती. मी दुरुस्त करून राहिली.”

खरं तर मावशीला हसायचा मला काडीचा अधिकार नव्हता. मुलगी काळी म्हणून तिसऱ्या स्थळाचा नकार आला, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. मावशी आली आणि एक कॉमिक माझ्या मांडीवर टाकलं. “रडून काऊन राहिली? पोहे खाऊन गेले ना? गेले त गेले. तुले त नाही खाल्लं!” त्यात आरशासमोरच्या नायिकेच्या तोंडी मावशीची चिठ्ठी होती, ‘मले मी आहो ना!’ मी ते वाचलं, हसले आणि ताट मागितलं. पुढची पानं वाचायची गरजच उरली नाही. पुढे शिकले, मास्तरीण झाले.

मास्तरीण झाले आणि शहाणीही झाले. यंदा शाळेत महिला मेळावा होता, करमणूक माझ्याकडे. मी मावशीकडे तेच कॉमिक मागितलं. कशाला, हे तिने विचारलं नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळून दिलं आणि ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत येऊन बसली.

मी आवाज बदलून वाचलं. नायकाचा जाडा, नायिकेचा नाकातून. बाया लोटपोट. टाळ्यांची नशा चढली होती. शेवटचं पान आलं. गाडी सुटलेली, नायिका फलाटावर, आणि फुगा उघडा. त्यावर चिठ्ठीच नव्हती. ‘मैं यहीं इंतज़ार करूँगी.’ मी ते रडक्या सुरात म्हटलं आणि वर माइकवर जोडलं, “बघा, इथे मावशीची शितं संपली!”

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तोच. मावशीनेही तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं, हसतेय.

संध्याकाळी पुस्तक परत द्यायला गेले. तिने शेवटचं पान उघडलं.

“हे राहून नव्हतं गेलं गं,” ती म्हणाली. “हे मी बोलली होती. गोंदियाच्या फलाटावर, आमच्या ह्याईले. रायपूरले कामाले गेले, आलेच नाही. बाकीच्या पोरींचं खोडलं. आपलं बोललेलं कसं झाकू?”

इतक्या वर्षांत मावशीचा नवरा कुठे आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाजेने माझी मान वर होईना. “चुकलं माझं, मावशी,” एवढंच कसंबसं म्हणाले.

उठून तिने भाताचं भांडं उघडलं, चार शितं रगडली आणि त्या फुग्यावर एक कोरं लेबल डकवलं. मी घाईघाईने पर्समधून पेन काढलं.

“काय लिहू, मावशी? तू सांग, मी लिहिते.”

“कायी नको लिहू,” लेबलावरून अंगठा फिरवत ती म्हणाली. “कोरंच राहू दे. लोकं हासणार त नाही.”