जीभ खाली, कान वर

चौगुले मामा फक्त अशाच माणसाशी बोलतात, ज्याला उत्तर देता येत नाही.

हे मी रागानं म्हणत नाही. तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून म्हणते आहे. राजारामपुरीत एका इमारतीत खाली झेरॉक्सचं दुकान, वर कोचिंग क्लास आणि मधल्या मजल्यावर आमचं व्यसनमुक्तीचं सरकारी केंद्र आहे. गर्दच्या नाहीतर इंजेक्शनच्या नशेतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना इथं रोज औषधाची गोळी मिळते. मामा कंपाउंडर, मी नोंदी ठेवणारी, दोघंही कंत्राटी. ही गोळी गिळायची नसते. मामा ती खलात कुटतात, औषधाच्या खिडकीतून पूड माणसाच्या जिभेखाली ठेवतात, आणि ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं त्यानं समोरच्या बाकावर तोंड मिटून बसायचं. बोललं की पूड पोटात जाते आणि औषध वाया.

ही दहा मिनिटं म्हणजे मामांची सभा. "जीभ खाली, कान वर!" असं फर्मान सुटतं आणि गाडी सुरू होते. ऊसदर, दूध संघ, वॉर्डाचं आरक्षण, कुणाचं पोस्टर कुणाच्या पोस्टरवर चिकटलं, सगळं येतं. बाकावर पाच-सहा बाप्ये गाल मिटून बसलेले. असा गुणी श्रोता आमदारालाही मिळत नसेल.

एकदा मामांनी शहराच्या हद्दवाढीचा विषय काढला. "गडमुडशिंगी शहरात घ्यायलाच पायजे! रस्ता आमचा, दवाखाना आमचा, आन् घरफाळा भरताना तुमी खेड्यातलं व्हय?" बाकावर गडमुडशिंगीचा विलास बसला होता. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. त्यानं पाय आपटला, बोट नाचवलं, भिंतीला गुद्दा मारला, पण तोंड उघडलं नाही. मामा मात्र खुशीत. "बगा ताई, इरोधी पक्ष कसा असावा!" दहा मिनिटं संपली तेव्हा मामा चपळाईनं खिडकी लावून आत कपाट आवरायला गेले होते.

हाच माणूस चहाला बसला की मुका. बशीत चहा ओततो, फुंकतो, पितो. कुणी राजकारण काढलं की "असंल की" म्हणून उठतो. मी एकदा चिडून विचारलंच, "मामा, खिडकीत तोफ आणि इथं मौनव्रत, हे काय?"

"उत्तर आलं की वाद हुतो," मामा म्हणाले. "वाद झाला की मानूस दुसऱ्या दिवशी येत न्हाय."

त्याचा अर्थ मला मामांच्या कंत्राटाचा फॉर्म भरताना कळला. जवळच्या नातेवाइकाचा नंबर हवा होता. मामा म्हणाले, "ल्योक हाय बंगळूरला. नंबर लिवा, पर लागत न्हाय." मागच्या निवडणुकीत जेवताना बापलेकांची कुठल्याशा पक्षावरनं जुंपली. पोरगा ताटावरनं उठला, तो परत आला नाही. मामी त्याआधीच गेलेल्या. मी नंबर लिहिला आणि पुढचा रकाना विचारला.

आता विलासचं सांगते. आठ महिने त्यानं एक दिवस चुकवला नव्हता. त्याला एमआयडीसीत फाउंड्रीत काम लागलं, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून हजर व्हायचं. शिफ्ट सकाळी सात ते दुपारी तीन. आमची खिडकी नऊ ते एक. गोळी घरी न्यायला द्यायची नाही असा नियम. गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी अंगाला कापरं भरतं, घाम फुटतो, हाडं दुखतात, आणि हा माणूस वितळलेल्या लोखंडाजवळ उभा राहणार. याआधीची दोन कामं त्याची याच वेळेपायी गेली होती. "मामा, ह्ये बी गेलं तर मी पुन्यांदा त्याच पोरांत जाऊन बसनार," असं तो खिडकीत म्हणाला, आणि त्या दिवशी मामा पूड देऊन चक्क गप्प बसले.

खिडकी लवकर उघडायला लेखी आदेश लागतो. मामांनी अर्ज केला. कार्बन लावल्याशिवाय मामा कागदाला पेन लावत नाहीत, त्यामुळं प्रत्येक अर्जाची निळी नक्कल त्यांच्या फायलीत. एक अर्ज, दुसरा, तिसरा. सातव्या अर्जालाही उत्तर आलं नाही. सोमवार चार दिवसांवर आला.

आणि त्याच आठवड्यात आमच्यावर बॉम्ब पडला. महापालिकेची निवडणूक लागली होती, आचारसंहिता होती, आणि कुण्या 'एका जागरूक नागरिका'नं तक्रार केली की केंद्रातला कंपाउंडर रुग्णांसमोर राजकारण बोलतो. सात अर्ज ज्या टेबलावर झोपले होते, त्याच टेबलाचे साहेब दुसऱ्या दिवशी जीपमधून हजर. कंत्राटी माणसाला काढायला कारण लागत नाही, इथं तर कारण चालत आलं होतं.

साहेब थेट बाकापाशी गेले. पाच जण बसलेले, विलास पहिला.

"हे कंपाउंडर इथं राजकारण बोलतात का?"

विलास गप्प. बाकीचे चौघेही गप्प. साहेबांचा आवाज चढला. "बोलत का नाही? तुमच्यावर दबाव आहे का?" विलासनं घाबरून आपल्या गालाकडं बोट दाखवलं.

"सायब, पूड हाय," मामा म्हणाले. "धा मिनटं थांबायला लागंल. बसा की. तवर हे बघून घ्या. ताई, फाईल द्या."

मी फाईल उघडली. सातव्या अर्जामागं आठवा कागद होता, तोही निळा. 'सदर इसम कामाच्या वेळी राजकारणावर अखंड बोलतो. त्यास घरी बोलण्यास कोणी नाही. तरी मा. साहेबांनी कृपया समक्ष येऊन पाहणी करावी. आपला, एक जागरूक नागरिक.'

अक्षर मामांचं.

मी मामांकडं बघितलं. ते छताच्या पंख्याकडं बघत होते. साहेबांचा हात पुढं आलेला. मी तो कागद ओढून माझ्या रजिस्टरखाली सरकवला आणि फाईल दिली. कागद फॅनच्या वाऱ्यानं हलला असं वाटावं म्हणून मी उगाच पदर सावरला.

साहेबांनी दहा मिनिटांत सात अर्ज वाचले, करायला दुसरं काही नव्हतंच. मग विलास उठला, तोंड उघडून जीभ वर करून दाखवली आणि म्हणाला, "बोलत्यात सायब. पर कुठल्या पक्षाचं, ते आमास्नी आठ महिन्यांत कळल्यालं न्हाय."

साहेब हसले नाहीत, पण पेन काढलं. सोमवारपासून खिडकी सव्वासहाला उघडावी, प्रायोगिक तत्त्वावर. आणि मामांना लेखी ताकीद: खिडकीत रुग्णांशी औषधाखेरीज एक अक्षर बोलायचं नाही, पुन्हा तक्रार आली तर कंत्राट रद्द.

जीप गेल्यावर मी मामांवर ओरडले. "नोकरी गेली असती म्हणजे?"

"अर्ज केला की कागद जातो, ताई," मामा म्हणाले. "तक्रार केली की सायब येतो."

सोमवारी सव्वासहाला मी डोळे चोळत पोचले. कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडं असते, त्यामुळं मामांच्या पराक्रमाची शिक्षा मलाही झाली होती. विलास डबा घेऊन दारात उभा. मामांनी गोळी कुटली, पूड ठेवली. सवयीनं "जीभ खाली" एवढं म्हणाले आणि थांबले. खिशातल्या ताकीदपत्राला हात लावून स्टुलावर बसले.

दहा मिनिटं खोलीत घड्याळाशिवाय कुणी बोललं नाही. विलासनं एकदा आपल्या कानाकडं बोट केलं, म्हणजे बोला की. मामांनी मान हलवली. मला ते बघवेना. मामांचे हात नुसते गुडघ्यावर पडले होते.

वेळ झाली. विलासनं तोंड उघडून दाखवलं. एमआयडीसीचा रस्ता वीस मिनिटांचा, त्यानं आता पळायला हवं होतं. पण तो खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिला.

"मामा, गडमुडशिंगी शहरात जानार न्हाय. ऐका आता. घरफाळा शहराचा घेनार, आन् पानी? आमच्या उसाच्या रानाला आरक्षन टाकनार, त्येचं काय? तुमी बोलला त्यातलं निम्मं चूक हाय."

तो पाच मिनिटं बोलला. मोठ्यानं, बोट नाचवून, आठ महिन्यांचं साठलेलं सगळं. मला वाटलं, मामा आता "असंल की" म्हणून उठणार. ते उठले नाहीत. ओठ घट्ट मिटून, विलासकडं बघत ऐकत राहिले.

"आन् अजून लई हाय," विलास डबा उचलत म्हणाला. "ऱ्हायल्यालं उद्या सांगतो."

तो जिन्यावरून धडधडत खाली गेला. मामा कितीतरी वेळ खिडकी लावायची विसरले.

"ताई," ते म्हणाले, "वाद घातला की त्येनं."

"घातला."

"आन् उद्या येतो म्हनला."