लोदेहमध्ये मीठ कोण घालतं?

“पळी खाली ठेवायची नाही,” मी नवऱ्याला बजावलं. पुरावा होता तो.

आमचे मार्सुदी शेगडीपुढे उभे, एका हातात पळी, दुसऱ्या हाताच्या चिमटीत मीठ. मी मागच्या दारी वाळत घातलेल्या सारोंगांआड अर्धा तास दबा धरून होते (गुडघे अजून शिव्या देताहेत).

झालं होतं असं. आमची लेक एंदाह दर रविवारी योग्याकार्ताहून जेवायला येते. नारळाच्या दुधातल्या भाज्यांचं माझं लोदेह खाऊन हल्ली ती तीन-तीन पेले पाणी पिते. मागच्या रविवारी म्हणाली, आई दोनदा मीठ घालते, तिला विसर पडायला लागलाय, आता शेगडी बंद करून डबा लावू. डबा, आणि मला! मसाल्याच्या पुड्यांचे कागद जोडजोडून जी स्वतः अक्षरं शिकली, तिला.

डब्याचं नाव निघताच ह्यांचे डोळे चमकलेले मी पाहिले (डब्यात तळलेली कोंबडी असते). तिथेच ह्यांच्यावरचा संशय पक्का झाला. म्हणून आज मुद्दाम मीठ घातलंच नाही आणि लपले.

“किती दिवस चाललंय हे?”

“सहा महिने,” ते शांतपणे म्हणाले. “तू विसरतेस, म्हणून घालतो. एंदाहला कळू नये म्हणून. कधी तुझंही पडलेलं असतं, मग खारट होतं. पण चाखायला उभा राहिलो तर तू येतेस.”

मी भांडत होते, आणि बऱ्यापैकी मोठ्याने. इतक्यात म्हाताऱ्यांची तपासणी करणारी मुर्तिनी कागद घेऊन दारात आली. एंदाहनेच धाडली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने वार विचारला. मी वार सांगितला, आमच्या जावातल्या पाच दिवसांच्या आठवड्याचा बाजारवार सांगितला, वर तिचा नवरा कोणत्या वारी रुसून आपल्या आईकडे गेला होता तेही सांगितलं. तिने कागदावर खुणा केल्या.

“सगळं बरोबर, बू पाइनेम. मग सहा महिने मीठच कसं विसरता?”

पेन कागदावर टेकलं. एक शब्द लिहिला की माझी शेगडी गेली. मार्सुदी माझ्यासाठी काहीतरी खोटं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, “विसरत नाही गं मी काही, दोन वर्षं झाली, माझ्या जिभेला मीठ कळतच नाही, जेवताना ह्यांचं तोंड किती वाकडं होतं ते बघून दुसऱ्या दिवशी मीठ कमी-जास्त करते.”