तुलेचा ताळा

मास्तरानं तागडी मागितली तेव्हा गोदाबाईंना आधी वाटलं, शाळा मोडून हा आता दुकान टाकतो की काय. टाकलं असतं तर त्यांनी दोषही दिला नसता. साता समुद्रांपलीकडे गोरे गोऱ्यांशी लढत होते आणि त्यांच्या लढाईपायी अकोटच्या बाजारात कापूस चांदीच्या तोऱ्यात मिरवत होता. चांगलीचुंगली माणसं आपापले धंदे सोडून कापसाच्या मागं लागली होती. हा एकटा चिंतामण मास्तर तेवढा पोरांच्या मागं लागला होता.

मास्तर पुण्याकडे शिकून आलेला. गावात सरकारी शाळा नवी, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरणारी. मास्तर नवा आणि त्याचं खूळही नवं. पाढे घोकून गणित येत नाही, ते रोजच्या जगण्यातून शिकवावं, असं त्याला कोणीतरी पढवून पाठवलं होतं. त्यानं भाकरीवर अपूर्णांक शिकवले. पाव झाला, अर्धा झाला, आणि पाऊण शिकवता शिकवता भाकर संपली. वजाबाकीला फुटाणे घेतले. ते पोरांच्या पोटात गेले. बाकी शून्य उरली, म्हणजे उत्तर बरोबर, असं पोरांचं म्हणणं.

"हे कायचं गनित?" गोदाबाई सुनेला म्हणाल्या. "आपल्या घरी रोज पंगत बसते. मंग मीबी मास्तरीनच हावो!"

सून मैना लगेच हसली नाही. सासूबाईंच्या विनोदावर हसायचं की नाही हे आधी त्यांच्या भुवईकडे पाहून ठरवायचं असतं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती. तेही रोजच्या जगण्यातूनच.

तागडी गोदाबाईंच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला टांगलेली असे. मागे ओसरीवर कापसाचा ढीग आढ्याला टेकला होता. त्या ढिगाच्या जिवावर त्यांनी मनातल्या मनात आपल्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढवूनही टाकल्या होत्या. शेजारच्या पार्बताबाईंच्या बैलांना पितळेच्या शेंब्या होत्या, आणि पोळ्याला सारं गाव त्या पितळेकडे टकामका बघत होतं, हे गोदाबाईंच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं होतं. अमरावतीच्या सोनाराकडे माप पोचलं होतं. अकोटचा शेट येऊन कापूस मोजून नेला की काम फत्ते. शेट आज-उद्या येणार म्हणून बाईंनी रात्री ढिगावर पाणी शिंपडलं होतं. याला त्या लबाडी म्हणत नसत. "कापसाले थंडावा देते," म्हणत. शेट मोजताना वजनांच्या पारड्यावर हळूच अंगठा ठेवी, तेव्हा तोही कापसाला मायाच लावत असे.

"मुलांना वजन शिकवायचं आहे, गोदाबाई," मास्तर म्हणाला. "एखाद्या मुलाला पारड्यात बसवतो. मण म्हणजे काय ते डोळ्यांना दिसेल."

"एखाद्या काहून? माह्या सूर्यभानाले बसवा. बाकीच्या काड्या हायेत काड्या. माहा नातू पुरा मन भरते!"

सूर्यभान खरोखरच गुबगुबीत होता. पण बोलून बसल्यावर बाईंना शंका आली. पोरगं मणाला उणं भरलं तर गावात तोंड कुठं लपवायचं? त्यांनी नातवाला आत नेलं, गडूभर ताक पाजलं, कमरेला चांदीचा जाड करदोटा बांधला, पायांत तोडे घातले, दंडात कडं चढवलं आणि मगच बाहेर आणलं.

आता अडचण अशी की मोठी वजनं शेट आपल्याबरोबर आणी. घरात पाच शेरांची एकच दगडी पासरी होती. पण पुण्याची विद्या अशा वेळी अडत नाही.

"सोपं आहे," मास्तर म्हणाला. "एका पारड्यात सूर्यभान, दुसऱ्यात कापूस. दोन्ही सारखी झाली की तो कापूस पासरी पासरीनं मोजू आणि बेरीज करू. आठ पासऱ्या भरल्या तर एक मण. झालं!"

कापूस पारड्यात पडू लागला. सूर्यभान काही जमीन सोडेना. पारडं भरलं, त्यावर शीग चढली, कापूस सांडू लागला, तेव्हा खाली धोतर बांधून त्यात कोंबावा लागला. शेवटी एकदाचा सूर्यभान हवेत तरंगला. नवा धडा सुरू करण्याआधी गणपतीला नमन करायचं ही मास्तराची शिस्त. पोरांनी हात जोडले आणि एका सुरात गर्जना केली, "श्रीगणेशाय नमः!"

नेमक्या त्याच वेळी पार्बताबाई कुंपणापाशी आल्या. त्यांनी पाहिलं ते असं: चांदीनं मढलेला नातू एका पारड्यात, कापूस दुसऱ्या पारड्यात, समोर ब्राह्मण मास्तर आणि तोंडानं गणपतीचं नाव.

"अवो गोदाबाई!" त्या ओरडल्या. "नातवाची तुला करून राह्यल्या, अन् शेजारनीले आवतन नाई?"

लेकराच्या भारोभार वस्तू तोलून ती देवाब्राह्मणाला द्यायची, ती तुला. मोठ्या नवसाची, मोठ्या घराची गोष्ट. गोदाबाईंनी तोंड उघडलं, पण पार्बताबाई तोवर हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आत शिरल्या होत्या. त्यांनी तागडीला कुंकू लावलं, कापसाला लावलं, सूर्यभानाला लावलं, मास्तराला लावता लावता राहिल्या. मागून निम्म्या गावातल्या बाया आल्या.

"तुला नोय वो हे, गनित हाय!" गोदाबाई म्हणाल्या.

"अवो, लाजता काहून? दानधर्मात कायची लाज?" पार्बताबाई गोड हसल्या. "अन् एक डाव कुंकू लागलं, मंग थो कापूस घरात कसा नेसान? लेकराचा भार देवापासून वापस घेतल्यासारखं होते. कोन्या आजीले सोसन थे?"

मैना घाबरून सासूकडे पाहू लागली. सूर्यभानाचे वडील खुशालराव नेहमीप्रमाणे गोठ्यात काहीतरी काम आठवून निघून गेले. एका बाजूला चांदीच्या शेंब्या, दुसऱ्या बाजूला नातवाचं आयुष्य आणि मधोमध गोदाबाईंचं नाक.

"कोनी मनलं घरात नेतो?" नाकानं उत्तर दिलं. "आमच्या घरी देल्लेलं वापस घ्यायची रीत नाई."

मग त्या चटकन पारड्यापाशी गेल्या.

"पन देवाले लेकराचा भार पायजे, सोनाराचा नाई. करदोटा काढ रे!" करदोटा निघाला. तोडे निघाले, कडं निघालं. दर दागिन्यासरशी समोरचा थोडा थोडा कापूस बाई स्वतःच्या हातानं परत ढिगावर टाकत होत्या. सूर्यभानाच्या ओच्यातून मास्तराच्या वजाबाकीतून लपवलेले फुटाणे निघाले. तेही वजा.

"अन् आताच गडूभर ताक पेला थो," गोदाबाई म्हणाल्या. "थे ताक धराचं नाई."

"वा!" मास्तर आनंदानं जवळजवळ नाचलाच. "पाहा मुलांनो, याला म्हणतात वजाबाकी! गोदाबाईंना कोणी शिकवली? जगण्यानं शिकवली!"

"आंगी काढ," बाई पुढं म्हणाल्या.

"पोट्ट्याले देवापुढं नागडं करता काय?" पार्बताबाईंनी हटकलं. तेव्हा आंगी राहिली आणि हिशेब थांबला.

मास्तरानं कापूस पासरी पासरीनं मोजला. सात भरल्या.

"मनाले एक पासरी उना हाय वो पोरगा," पार्बताबाई हळहळल्या. हे गोदाबाईंना कापसापेक्षा जास्त लागलं.

"घ्या मास्तर," त्या म्हणाल्या. "बामन तुमीच."

मास्तराचा चेहरा पांढरा पडला. "छे छे! मी सरकारी नोकर. मला हे घेता येणार नाही."

गोदाबाईंच्या चेहऱ्यावर पहाट उगवली. "आयकलं का? बामनच नाई मनते! आता आमी काय कराव?"

"शाळेला द्या," मास्तर म्हणाला. "मुलांना बसायला पट्ट्या होतील."

"शाळा मारुतीच्याच देवळात हाय," पार्बताबाईंनी पटकन गाठ मारली. "म्हंजे देवाले पोचलं."

पहाट मावळली. कापूस देवळात गेला.

शेट त्या दिवशी आला नाही. वाटेत गाडीचा आस मोडला, असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी मास्तरानं शाळेत ताळा करायचं ठरवलं. उत्तर उलटं तपासून पाहायचं, जुळलं तर खरं, हे त्याला पोरांच्या हाडात मुरवायचं होतं. कापूस सकाळपासून ओसरीच्या उन्हात पसरलेला होता. पुन्हा मोजला तर भरल्या सहाच पासऱ्या.

बातमी गोदाबाईंच्या घरी पोचली ती मैनेच्या रडण्याबरोबर. "आत्याबाई, सूर्यभानाचा भार घटला! देवाच्या दारात घटला!" तिच्या मागोमाग पार्बताबाई आल्याच. "दानात खोट असन तं असं होते मन्ते, बाई. मले काय, मी आपली आयकलेलं सांगते."

काय घटलं ते गोदाबाईंना पुरतं ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर रात्रीची घागर उजेडात आणावी लागणार. त्यांनी दात आवळून ढिगाच्या पार तळातला, कोरडा ठणठणीत कापूस काढला आणि आणखी एक पासरी देवळात पाठवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाला कोरडा कापूस मोजून दिला होता, आणि तोही फुकट.

मास्तराला मात्र चैन पडेना. संध्याकाळी तो स्वतः आला. "गोदाबाई, कोडं सुटलं! कापसावर रात्री दंव पडलं असणार. दंवाचं वजन धरलं गेलं, ते उन्हात उडून गेलं."

"दंवच!" गोदाबाईंचा जीव भांड्यात पडला. "औंदा दंव लै पडून राह्यलं, बापा."

"मुलांना मी समजावून दिलंय. ओलं धोतर मोजा, वाळलं की पुन्हा मोजा. साताला एक घटलं, हे प्रमाण झालं. सूर्यभानानं सगळ्यांत आधी ओळखलं. हुशार आहे हो तुमचा नातू!"

गोदाबाईंनी कौतुकानं नातवाची अलाबला घेतली. आणि सकाळी येतो असा शेटाचा निरोप आला होता म्हणून त्या रात्री ढिगाला पुन्हा थंडावा दिला. गेलेलं भरून काढायचं होतं, म्हणून जरा सढळ हातानं.

सकाळी शेट आला. गाडी, वजनं, अंगठा, सारं घेऊन. पार्बताबाई कुंपणाशी उभ्याच होत्या. शेट मोजायला लागणार तोच सूर्यभान पुढं झाला. छाती फुगवून, शाळेत उत्तर द्यायला उभं राहावं तसा उभा राहिला.

"शेटजी, आज मोजू नोका. ताळा जुळनार नाई. साताले एक घटते."

"काहून रे बाबू?"

"दंवानं. मास्तरनं शिकोलं. आजीनं रातच्याले दोन घागरी दंव टाकलं हाय."

शेटानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि ओला हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. मग साताला एक कापायचं ठरवून टाकलं. शेंब्यांची चांदी तिथंच पितळ झाली. पार्बताबाई पदरात तोंड खुपसून खदखदा हसत होत्या.

गोदाबाई नातवाकडे बघत राहिल्या. मग त्यांची भुवई हळूच वर गेली.

"शेटजी, आता पार्बताबाईचा माल मोजाले चाल्ले ना तुमी?" त्या म्हणाल्या. "मंग या पोट्ट्याले संगं घेऊन जा. दंव काय एकट्या माह्याच ओसरीवर पडते? जाय बापा सूर्यभान, शेजारनीचाबी ताळा करून ये."

पदर तोंडावरून खाली आला. "आज नोका येऊ, शेटजी!" म्हणत पार्बताबाई नऊवारी सावरत घराकडे अशा पळाल्या की मैनेनं सासूबाईंच्या भुवईकडे न बघताच हसून घेतलं.

दुपारी मास्तर गावातून फिरला तर अंगणाअंगणांत, कुडांवर, खाटांवर, छपरांवर कापूसच कापूस वाळत पडला होता. बाया भराभर उलथापालथ करत होत्या. भरल्या डोळ्यांनी तो गोदाबाईंच्या अंगणात आला.

"पाहिलंत गोदाबाई? सगळं गाव प्रयोग करतंय! उद्या मी मुलांना दुधाचं माप शिकवणार आहे."

गोदाबाईंची गाय कालच व्याली होती.

"मास्तर," त्या हात जोडून म्हणाल्या, "तुमी पाढे मनवा. निसते पाढे. पाढ्याईत पानी नसते."