नको असलेल्या पार्टीचं एस्टिमेट

अंदाजपंतांनी एका रविवारी ठरवलं, की स्वयंपाकघराच्या विषयावर बायकोचं तोंड कायमचं बंद करायचं. तेही प्रेमाने आणि आयटमवार. (अंदाजपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका कंत्राटदाराच्या ऑफिसात बसून बांधकामाची, दुरुस्तीची एस्टिमेटं काढणं हा त्यांचा धंदा, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं.)

बायकोचं म्हणणं जुनंच होतं. सिंकमागची भिंत ओली आहे, टाइल्स फुगल्या आहेत, ओटा उंच आहे. स्वयंपाकघर नवं करा. घर घेतल्यापासून ती हे सांगत होती आणि घर घेतल्यापासून अंदाजपंत "बघू" म्हणत होते. तसा कंजूष नव्हता हो माणूस! पण आयुष्यभर लोकांच्या घरांचे खर्च काढून काढून त्यांच्या मनालाच ओल धरली होती. कुणी कौतुकाने नवी खिडकी दाखवली, तर यांना चौकट दिसायची, काच दिसायची, बिजागऱ्या आणि हमाली दिसायची. बाहेरचं झाड काही दिसायचं नाही.

त्यात मालकांनी ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आणलं. आजवर पंत कागदावर एस्टिमेट काढायचे. "आता सगळं यातच करायचं," मालकांनी बजावलं. "घरी घेऊन जा, एखादं खोटं काम धरून हात बसवा."

खोटं काम! पंतांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाला तिथे पार्टी म्हणतात. पार्टी नकोशी असली, म्हणजे कटकटी किंवा पैसे अडकवणारी, तरी तिला तोंडावर नाही म्हणायचं नाही. हसून चहा पाजायचा आणि रेट असे लावायचे की ती पुन्हा फिरकायचीच नाही. काम टळतं, संबंध टिकतात. (ही युक्ती पंतांनी एकदा जेवताना बायकोलाही मोठ्या फुशारकीने सांगितली होती. सांगितल्याचं मात्र ते साफ विसरले होते.)

तर रविवारी सकाळी पंत कॉम्प्युटरसमोर बसले. 'जुन्या टाइल्स काढणे' असं लिहायचा अवकाश, त्या सॉफ्टवेअरने आपणहून खाली 'मलबा गोळा करणे', 'मलबा खाली उतरवणे', 'मलबा गाडीत भरणे' अशा ओळी जोडल्या. पंतांना भरून आलं. इतक्या वर्षांत आपल्याइतकं वाईट चिंतणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं! त्यांनी प्रत्येक रेट चढवला. वेस्टेजच्या रकान्यात एरवी चिमूटभर आकडा असतो. तिथे त्यांनी निम्मा माल वाया धरला. मग घोडं अडलं. 'ओट्याची उंची' हा रकाना भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना. टेप घेऊन पंत स्वयंपाकघरात गेले.

"जरा ओट्यापाशी उभी राहा गं."

"उभीच आहे की. लग्न झाल्यापासून."

पंत टेप लावायला वाकले आणि थबकले. बायको एका लाकडी खोक्यावर उभी होती.

"हे तर कांद्याचं खोकं!"

"कांदे कधीच हलवले. यावर चढल्याशिवाय पातेल्यात काय चाललंय ते दिसत नाही मला."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा 'बघू' म्हणालात ना, तेव्हापासून."

पंतांनी टेप लावून तिला सोयीची उंची मोजली. आपल्या घरात रोज कुणी खोक्यावर चढून आपल्याला जेवू घालतंय आणि आपल्याला ते खोकं कांद्याचं वाटतंय, याची त्यांना लाज वाटली. रेट खाली आणायच्या इराद्याने ते परत कॉम्प्युटरपाशी आलेसुद्धा. पण खालची बेरीज दिसली आणि हात आखडला. बायकोला सोयीची होईल ती ओट्याची उंची तेवढी त्यांनी इमानदारीत भरली. त्या अख्ख्या एस्टिमेटमध्ये तो एकच आकडा खरा होता.

शेवटी पार्टीचा मोबाइल नंबर मागितला. पंतांनी बायकोचा दिला आणि बटण दाबलं. स्वयंपाकघरात टिंग वाजलं.

बायको फोन वाचतच बाहेर आली. "अहो, हे काय आलंय? 'वेस्टेज, निम्मं' म्हणजे?"

"वाया जाणारं. फुटतं, तुटतं."

"'अडचणीच्या जागेचा जादा आकार'?"

"अरुंद आहे ना आपलं स्वयंपाकघर."

"आणि 'पार्टीच्या सूचनांमुळे होणारा विलंब'? पार्टी म्हणजे मी?"

"ते सॉफ्टवेअरच घालतं गं आपोआप." (घालत नाही. पंतांनी स्वतः टाइप केलं होतं.)

तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि आत गेली. आतून खोकं सरकवल्याचा आवाज आला. पंत जिंकले होते. पण बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडलीही नाही.

सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं तर मालक स्क्रीनसमोर खुशीत. "पंत, पहिल्याच दिवशी मंजुरी! पार्टीने फोनवरूनच 'मंजूर'चं बटण दाबलंय. घासाघीस नाही, काही नाही. कोण हो ही पार्टी?"

"साहेब, ती... आमची मंडळी."

"मग तर उत्तमच! पैसे बुडायची भीती नाही. पगारातून कापत जाऊ."

"पण साहेब, हात बसवायला काढलं होतं ते. रेट जरा चढे लागलेत."

"कुणी लावले?"

"मीच."

"मग बरोबरच असणार. तुमच्या रेटच्या भरवशावर तर मी बाजारात उभा आहे." मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? चुकतात की काय?"

चुकतात म्हणावं तर नोकरीवर गदा, नाही म्हणावं तर पगारावर.

"आणि हो, अटींच्या रकान्यात पार्टीने लिहिलंय, 'काम संपेपर्यंत स्वयंपाक एस्टिमेट करणाऱ्याने करावा.' ते तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी पंत घरात शिरले ते तणतणतच. "मंजूर काय केलंस? खोटं होतं ते सगळं!"

"ठाऊक आहे मला." बायको खोक्यावर बसून भाजी निवडत होती. "नको असलेल्या पार्टीला चढे रेट लावायचे, तुम्हीच सांगितलं होतंत. हसत हसत. काल ते वाचलं आणि किती वेळ नुसती उभी राहिले. म्हटलं, इतकी वर्षं मी या घरात नको असलेली पार्टी आहे, आणि मला आज कळतंय." तिचा आवाज फुटला. मग तिने नाक पुसलं. "नको तर नको. पण परत फिरणारी पार्टी मी नव्हे."

पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांसमोर सगळं कबूल केलं. मालक पोट धरधरून हसले, खरे रेट लावले आणि काम घेतलं. मात्र तेव्हापासून पंतांचं प्रत्येक एस्टिमेट मालक स्वतः दोनदा तपासतात, आणि तपासताना "घरचं नाही ना हे?" असं मोठ्याने विचारतात. ऑफिस हसतं. पंतही हसतात, पण ते हसू काही खरं नव्हे.

आता स्वयंपाकघरात टाइल्स फुटताहेत आणि बाहेरच्या खोलीत, स्टुलावर मांडलेल्या शेगडीपाशी, अंदाजपंत अट पाळताहेत. पहिल्या दिवशी अर्धी भाजी पातेल्याच्या बुडाला करपून बसली आणि उरलेल्यातली थोडी वाढताना जमिनीवर गेली. बायको कांद्याच्या खोक्यावर बसून, ताटात आलं तेवढं शांतपणे जेवली. हात धुऊन आली आणि म्हणाली,

"उगाच बोलले हो मी तुम्हाला. वेस्टेज अगदी बरोबर धरलं होतंत."